डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी : संस्थेची प्रतिनिधी, विधिमंडळाची सभासद

आपल्याकडे ज्ञातिसंस्था, महिलामंडळे आणि शिक्षणसंस्था ह्यांची अधिवेशने भरतात, ठराव मांडले जातात, टाळ्यांच्या गजरात ते संमत होतात आणि त्यांच्या प्रती सरकारकडे रवाना होतात. पुढे त्या ठरावांचे काय झाले, ह्याचा मागोवा घेणारा कार्यकर्ता मात्र विरळा. ठराव हा बीजासारखा असतो. तो जमिनीत पेरावा लागतो, त्याला पाणी घालावे लागते, आणि त्याचे रोप वर आल्यावर त्याला कुंपणही घालावे लागते. समाजहिताचा एखादा विचार संस्थेच्या व्यासपीठावरून विधिमंडळात कसा न्यावा, तेथे त्याला कायद्याचे रूप कसे द्यावे, आणि कायदा झाल्यावर अगर होण्यापूर्वीच त्याची जबाबदारी पुन्हा संस्थेने कशी शिरावर घ्यावी, ह्याचा वस्तुपाठ ज्यांच्या चरित्रात आढळतो, अशा डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांची ओळख ह्या अंकाच्या वाचकांस करून द्यावी, असा ह्या लेखाचा हेतू आहे. तामिळनाडूत त्यांचे नाव घरोघर ठाऊक आहे. महाराष्ट्रात ते जितके परिचित असावयास हवे तितके नाही.

मुथुलक्ष्मीबाईंचा जन्म ३० जुलै १८८६ रोजी पुदुकोट्टै ह्या दक्षिणेतील छोट्या संस्थानात झाला. वडील नारायणस्वामी अय्यर हे तेथील महाराजा कॉलेजचे प्राचार्य. मातोश्री चंद्रम्माळ ह्यांचा जन्म देवदासी परंपरेतील घराण्यातला. ब्राह्मण प्राचार्याने अशा घराण्यातील स्त्रीशी संसार थाटावा, हे त्या काळच्या समाजाला रुचणारे नव्हते, आणि नारायणस्वामींना त्याबद्दल आप्तस्वकीयांचा दुरावा सोसावा लागला. बाह्य जगात मानमान्यता आणि घराच्या उंबरठ्याशी अबोल उपेक्षा, असा दुहेरी अनुभव ह्या मुलीच्या वाट्याला बालपणीच आला. पुढे ज्या प्रश्नासाठी त्यांनी आपली सारी शक्ती वेचली, तो त्यांना कोणा पुस्तकात वाचावा लागला नाही. तो आजोळच्या घरातच होता.

मुलगी वयात आली की तिची शाळा सुटावयाची, हा त्या काळचा रिवाज. मुथुलक्ष्मीबाईंच्या बाबतीत वडिलांनी तो मोडला आणि घरीच शिकवणीची व्यवस्था केली. १९०२ साली त्या मॅट्रिक झाल्या. पुढच्या शिक्षणासाठी गावात मुलांचे महाराजा कॉलेज तेवढे होते. मुलीला तेथे प्रवेश द्यावा की काय, ह्यावरून मोठी खळबळ माजली. काही पालकांनी आपली मुले काढून घेण्याची धमकी दिल्याचे सांगतात. परंतु संस्थानाधिपती मार्तंड भैरव तोंडैमान ह्यांनी प्रवेशास अनुमती दिली आणि मुलांच्या वर्गात ही एकटी मुलगी पडद्याआड बसून शिकू लागली. १९०७ साली त्या मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १९१२ साली सन्मानपूर्वक पदवी घेऊन बाहेर पडल्या. हिंदुस्थानातील पहिल्या काही पदवीधर स्त्री-डॉक्टरांत त्यांची गणना होते.

१९१४ साली डॉ. सुंदर रेड्डी ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विवाहापूर्वी बाईंनी एक अट घातली होती. पतीने आपणास बरोबरीच्या नात्याने वागवावे आणि आपल्या कार्याच्या आड येऊ नये. सुंदर रेड्डी ह्यांनी ती मान्य केली आणि आयुष्यभर पाळली. सार्वजनिक कार्य करणाऱ्या स्त्रीच्या यशात घरच्या माणसांचा वाटा किती असतो, हे आपणा कुटुंबवत्सल वाचकांस निराळे सांगावयास नको.

वैद्यकीचा व्यवसाय उत्तम चालला होता. परंतु ज्या रोगांवर औषध देता येत नाही, असे रोग त्यांना रोज दिसत होते. बारा-तेरा वर्षांच्या मुली बाळंतपणात दगावत होत्या. कोवळ्या वयाच्या विधवा होत्या. भगिनी सुब्बलक्ष्मी ह्यांनी मद्रासेत बालविधवांसाठी चालविलेल्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकृतीची देखरेख मुथुलक्ष्मीबाई करीत असत. अण्णासाहेब कर्वे ह्यांच्या हिंगण्याच्या कार्याशी परिचित असलेल्या मराठी वाचकास हे काम कशा प्रकारचे होते, ते सहज कळेल. रोग्याच्या नाडीवरून समाजाची नाडी पाहण्याची दृष्टी त्यांना येथे आली.

ह्याच सुमारास, १९१७ साली, मद्रासजवळील अड्यार येथे विमेन्स इंडियन असोसिएशन ही स्त्रियांची संस्था स्थापन झाली. डॉ. ॲनी बेझंट, मार्गारेट कझिन्स आणि डोरोथी जिनराजदास ह्या तिच्या आधारस्तंभ होत्या. गावोगावी शाखा, शिवण-लेखन-वाचनाचे वर्ग, आणि 'स्त्रीधर्म' नावाचे मुखपत्र, असे तिचे स्वरूप होते. वरवर पाहता ही एक सौम्य समाजसेवी संस्था होती. परंतु तिच्या चालकांनी प्रारंभीच एक गोष्ट ओळखली. स्त्रियांच्या दुःखांपैकी पुष्कळशी दुःखे केवळ उपदेशाने दूर होणारी नव्हती. त्यांच्या मुळाशी कायदे होते, किंवा कायद्यांचा अभाव होता. म्हणून संस्थेने पहिली मागणी केली ती मताधिकाराची. १९१७ च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू मद्रासेस आले असता सरोजिनीदेवी नायडू ह्यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांस भेटले. १९१९ च्या सुधारणा कायद्याने हा प्रश्न प्रांतिक विधिमंडळांच्या मर्जीवर सोपविला, तेव्हा संस्थेने एकेका सभासदाकडे जाऊन त्याचे मन वळविण्याचे काम हाती घेतले. १९२१ साली मद्रास विधिमंडळाने स्त्रियांस मताधिकार दिला. त्याच वर्षी आपल्या मुंबई इलाख्यानेही तो दिला. मालमत्तेची व कराची अट असल्यामुळे प्रत्यक्षात मतदार स्त्रिया थोड्याच होत्या, परंतु दार उघडले होते.

१९२६ साली स्त्रियांस विधिमंडळाचे सभासद होण्याचीही मुभा मिळाली. त्या वर्षीच्या निवडणुकीत कमलादेवी चट्टोपाध्याय उभ्या राहिल्या आणि थोड्या मतांनी पराभूत झाल्या. एखादी संस्था येथे निराश होऊन बसली असती. विमेन्स इंडियन असोसिएशनने दुसरा मार्ग शोधला. विधिमंडळात सरकारने नेमावयाच्या काही जागा असत. त्यांपैकी एका जागेवर स्त्रीची नेमणूक व्हावी, असा आग्रह संस्थेने धरला आणि मुथुलक्ष्मीबाईंचे नाव पुढे केले. बाई नुकत्याच इंग्लंडातून स्त्रिया व बालके ह्यांच्या रोगांचा विशेष अभ्यास करून परतत होत्या. राजकारणाची त्यांना हौस नव्हती आणि व्यवसाय सोडावा लागेल ह्याची चिंता होती. तरीही मैत्रिणींच्या आग्रहास मान देऊन त्यांनी ही नेमणूक स्वीकारली. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक विधिमंडळात बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. सुमारे एकशेतीस सभासदांत त्या एकट्या होत्या. तरी १९२७ च्या आरंभी सभासदांनी त्यांस एकमताने उपाध्यक्ष निवडले.

आता ह्या एकट्या सभासदाने काय करावे ? पाठीशी पक्ष नाही, मतांची बेगमी नाही, आणि द्विदल राज्यपद्धतीत विधिमंडळाचे अधिकारही बेताचेच. येथेच मुथुलक्ष्मीबाईंच्या कार्यपद्धतीचे रहस्य आहे. त्यांनी आपणास एकटे मानलेच नाही. त्यांचा खरा मतदारसंघ म्हणजे त्यांची संस्था आणि तिच्या शाखा. विधिमंडळात एखादा प्रस्ताव यावयाचा असेल, तर त्यापूर्वी शाखांतून सभा भरत, ठराव होत, पत्रे जात आणि 'स्त्रीधर्म'मधून विषयाची चर्चा होई. सभागृहात बाई बोलावयास उठत तेव्हा सभासदांना ठाऊक असे की ही एका व्यक्तीची लहर नाही. संस्थेला सभागृहात वाणी मिळाली आणि सभासदाला सभागृहाबाहेर बळ मिळाले.

दुसरे असे की, त्या डॉक्टर होत्या आणि डॉक्टराप्रमाणेच पुरावा पुढे ठेवून बोलत. शाळा-कॉलेजांतील विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी, मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे, मुलींच्या शिक्षणास सवलती असाव्यात, अशा मागण्या त्यांनी मांडल्या. विवाहाचे किमान वय वाढविण्याच्या प्रश्नावर त्यांनी मद्रास विधिमंडळाचा पाठिंबा मिळवून दिला. हा कायदा करणे मध्यवर्ती विधिमंडळाच्या हाती होते, प्रांताच्या नव्हे. परंतु प्रांताप्रांतांतून असा कौल गेल्यामुळेच हरविलास सारडा ह्यांच्या विधेयकाला जोर आला आणि १९२९ साली बालविवाह प्रतिबंधक कायदा संमत झाला. ह्या कामी अखिल भारतीय महिला परिषदेचेही साहाय्य मोठे होते. ह्या परिषदेचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७ मध्ये आपल्या पुण्यासच भरले होते, हे येथे अभिमानाने नमूद करावेसे वाटते. कोणता प्रश्न कोणत्या सभागृहाच्या अधिकारात येतो हे जाणणे, आणि जेथे आपला अधिकार नाही तेथे निदान शिफारशीचे वजन टाकणे, ही संस्थांनी शिकण्याजोगी गोष्ट होय.

परंतु त्यांच्या नावाशी कायमचा निगडित झालेला प्रश्न म्हणजे देवदासींचा. लहान मुलींना देवाला वाहण्याची ही चाल दक्षिणेत फार जुनी. आपल्याकडे मुरळी, जोगतीण, भावीण अशा नावांनी तिची रूपे सर्वांस ठाऊक आहेत, आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांनी मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध केलेली खटपटही वाचकांस स्मरत असेल. देवळातील नृत्यगायनाची कला ह्याच स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, हे खरे. परंतु ज्या मुलीला अजाण वयात देवाच्या नावाने बांधले गेले, तिला विवाहाचा मार्ग बंद होई आणि तिचे पुढील आयुष्य दुसऱ्याच्या कृपेवर अवलंबून राही, हेही तितकेच खरे.

ह्या चालीस आळा घालणारा कायदा मुळीच नव्हता असे नाही. दंडसंहितेची ३७२ व ३७३ ही कलमे अल्पवयीन मुलीस अनीतीच्या हेतूने दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्यास शिक्षा सांगत होती. पण देवळात, मंत्रोच्चारात, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने झालेल्या विधीत तो हेतू सिद्ध करणार कोण आणि कसा ? म्हणून विधीलाच प्रतिबंध करणारा स्वतंत्र कायदा हवा होता. मैसूर संस्थानाने आपल्या देवळांपुरते हे पाऊल पूर्वीच उचलले होते. मद्रासेत मात्र धर्मात हात घातल्याचा बोल आपणावर येईल ह्या भयाने सरकार पुढे येईना.

मुथुलक्ष्मीबाईंनी एकदम शिखरावर उडी घेतली नाही. त्यांनी पायऱ्या बांधल्या. पहिली पायरी म्हणजे शिफारशीचा ठराव. १९२७ च्या नोव्हेंबरात त्यांनी विधिमंडळात ठराव आणला की हिंदू देवालयांत मुली वाहण्याची चाल बंद करण्यासाठी सरकारने कायदा करावा. ठराव संमत झाला. असा ठराव सरकारला बांधून घेत नाही, परंतु सभागृहाचे मत त्यातून लेखी नोंदले जाते, आणि पुढे सरकारला टाळाटाळ करणे अवघड होते.

दुसरी पायरी अधिक मार्मिक होती. ह्या चालीचे मूळ जितके श्रद्धेत होते तितकेच जमिनीत होते, हे बाईंनी हेरले. देवालयाच्या सेवेबद्दल देवदासी घराण्यांकडे इनाम जमिनी अगर त्यांचा सारा असे. सेवा चालू राहिली तरच इनाम चालू राहावयाचे. म्हणजे जमीन राखावयाची तर प्रत्येक पिढीत घरातील एखादी मुलगी देवाला वाहिलीच पाहिजे. वतनदारीचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही गाठ किती घट्ट असते हे सांगणे नलगे. नुसती बंदी घातली असती तर मुलगी सुटली असती, पण घराची भाकरी गेली असती, आणि मग घरच्या माणसांनीच कायदा मोडला असता. तेव्हा बाईंनी १९२६ च्या हिंदू धार्मिक देवस्थान कायद्यात दुरुस्ती सुचविली. जमीन जिच्याकडे आहे तिच्याकडेच राहावी, तिने देवस्थानाला ठरावीक रक्कम द्यावी, परंतु सेवेची अट तिच्यावर उरू नये. हे विधेयक १९२९ चा पाचवा मद्रास कायदा म्हणून अमलात आले. देवाला मुलगी वाहण्याची आर्थिक गरज अशा रीतीने कायद्याने कापून काढली. एका खासगी सभासदाने, तेही नेमणुकीने आलेल्या स्त्रीने, हा कायदा करून घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

विरोध झालाच, आणि तो दोन बाजूंनी झाला. देवालयाची परंपरा व कला लयास जातील म्हणून एस. सत्यमूर्तींसारखे काँग्रेसचे प्रभावी वक्ते विरोधात उभे राहिले. परंतु त्याहून मर्मस्पर्शी विरोध होता तो खुद्द देवदासींच्या संघटनेचा. विख्यात गायिका बंगळूर नागरत्नम्माळ ह्यांच्यासारख्या स्त्रिया त्यात अग्रभागी होत्या. त्यांनी सरकारकडे अर्ज केले. आमची गणना वेश्यांत करू नये, आमच्या घराण्यात मुलीला वारसा मिळतो, शिक्षण मिळते, कला मिळते, ते सारे हिरावून घेण्याआधी आमचे ऐकावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. उलट पक्षी, त्याच समाजातील मूवलूर रामामृतम् अम्मैयार ही स्वतः ह्या जीवनातून बाहेर पडलेली कार्यकर्ती गावोगाव फिरून प्रथेविरुद्ध प्रचार करीत होती, आणि ज्या जातींतून ह्या मुली येत त्यांच्या ज्ञातिसंस्थांनीही परिषदा भरवून कायद्यास पाठिंब्याचे ठराव केले. महात्मा गांधींनी आपल्या 'यंग इंडिया' पत्रातून बाईंच्या कार्यास दुजोरा दिला.

ज्ञातिसंस्थेच्या सभासदांनी ह्या प्रसंगाचा विशेष विचार करावा असे आम्हांस वाटते. कायदा करणाऱ्या सभागृहाला बाहेरून दोन प्रकारची निवेदने येतात. एक, आहे ते तसेच राहू द्या म्हणणारी, आणि दुसरी, आमच्याच घरातील दोष आम्हांस दूर करावयाचा आहे, त्यास कायद्याचे साहाय्य द्या म्हणणारी. मद्रासेत दुसऱ्या प्रकारची निवेदने आली नसती, तर हा कायदा बाहेरच्यांनी लादलेला ठरला असता. समाजाच्या सुधारणेस समाजाच्या संस्थेची संमती मिळते तेव्हा विधिमंडळातील सभासदाचे काम निम्मे हलके होते. मात्र नागरत्नम्माळ आणि त्यांच्या भगिनींचे म्हणणे सर्वस्वी अनाठायी होते, असेही म्हणता येत नाही. पुढील काळात देवदासी घराण्यांची नृत्यकला प्रतिष्ठित घरांतील मुलींनी उचलली, तिला भरतनाट्यम् म्हणून मान मिळाला, पण ती जतन करणाऱ्या अनेक वृद्ध स्त्रिया विस्मृतीत आणि दारिद्र्यात गेल्या. १९३२ साली ह्या नृत्याच्या बाजूने ई. कृष्ण अय्यर आणि विरोधात मुथुलक्ष्मीबाई असा वर्तमानपत्रांतून जो वाद झाला, त्यात बाईंनी कलेच्या बाबतीत काहीशी कठोर भूमिका घेतली, असे आज म्हणावे लागते. मुलीचे हित त्यांना इतके निकडीचे वाटत होते की कलेसाठी थांबण्याची त्यांची तयारी नव्हती. थोरांच्या चरित्रातील असे कोपरेही वाचकापुढे ठेवणे हेच त्यांच्याविषयीच्या आदराला साजेसे आहे.

तिसरी पायरी म्हणजे समर्पणाच्या विधीवर सरळ बंदी घालणारे विधेयक. ते बाईंनी १९३० च्या जानेवारीत मांडले आणि लोकमत अजमावण्यासाठी ते प्रसृत करण्यात आले. परंतु त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. मे महिन्यात गांधीजींना अटक होताच त्याच्या निषेधार्थ मुथुलक्ष्मीबाईंनी विधिमंडळाच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. आपले सर्वांत प्रिय विधेयक सभागृहात अपुरे पडलेले असताना त्यांनी जागा सोडली. हा त्याग लहान नव्हता. नेमलेल्या जागेवर बसून विधेयक तडीस न्यावे, की ज्या सरकारने ती जागा दिली त्याचा निषेध करावा, असा पेच त्यांच्यापुढे होता, आणि त्यांनी आपल्या सदसद्विवेकाचा कौल मानला.

त्यांच्या जाण्याने विधेयक मागे पडले. पण चळवळ मागे पडली नाही, ह्याचे श्रेय संस्थेला. सभासद येतात आणि जातात, सरकारे बदलतात, परंतु संस्था टिकली तर प्रश्न टिकतो. आपल्या मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. मद्रासेत त्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने देवदासी समर्पण अखेर बेकायदा ठरले. बाईंनी पहिला ठराव मांडला त्यास तेव्हा वीस वर्षे झाली होती. जो कायदा करून घेण्यास वीस वर्षे लागतात, तो एका अधिवेशनाच्या उत्साहावर होत नाही. कायद्यानेही सारे संपले असे नाही. कर्नाटकास १९८२ साली आणि महाराष्ट्रास ह्या शतकाच्या आरंभीच्या दशकात ह्याच विषयावर पुन्हा नवे कायदे करावे लागले, ह्यावरून ह्या चालीची मुळे किती खोल गेली होती ते दिसते.

विधिमंडळ सोडल्यावर बाईंचे दुसरे मोठे कार्य सुरू झाले, किंबहुना ते त्यांच्या दाराशीच चालून आले. १९३० साली देवदासी घराण्यांतील काही मुली, आम्हांस हे जीवन नको, आसरा द्या, म्हणून त्यांच्याकडे आल्या. बाईंनी त्यांना शहरातील वसतिगृहांत ठेवण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांच्या कुळामुळे त्यांना कोणी घेईना. ज्यांच्या सुटकेसाठी सभागृहात भाषणे झाली, त्यांना झोपावयास मद्रास शहरात जागा मिळेना ! तेव्हा बाईंनी त्यांस आपल्या घरीच ठेवून घेतले आणि त्यातूनच अव्वै गृह ह्या संस्थेचा जन्म झाला. प्राचीन तामिळ कवयित्री अव्वैयार हिचे नाव तिला दिले. जातिकुळाचा विचार न करता निराधार मुलींस आसरा, शिक्षण आणि पोटापाण्याचा उद्योग देणारी ही संस्था पुढे अड्यार येथे वाढली. कायदा बेडी तोडतो, पण सुटलेल्या माणसाला घर देत नाही. घर समाजाला द्यावे लागते. हे सत्य ज्याला उमगले, त्यालाच कायद्याची मागणी करण्याचा नैतिक अधिकार पोचतो.

त्यांच्या आयुष्यातील अखेरचे मोठे कार्य कर्करोगाच्या निवारणाचे. धाकटी बहीण ह्या रोगाने गेली, तेव्हापासून हे शल्य त्यांच्या मनात होते. असाध्य मानलेल्या रोगासाठी स्वतंत्र रुग्णालय कशाला, असे म्हणणारे अधिकारी पुष्कळ होते. येथेही बाईंनी तीच रीत वापरली. सरकारकडे मागणी चालू ठेवली, आणि सरकार हलेपर्यंत हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विमेन्स इंडियन असोसिएशनच्या वतीने निधी गोळा केला. १९५२ साली पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९५४ साली अड्यार येथे अवघ्या बारा खाटांचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले. त्यांचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि १९५५ पासून डॉ. व्ही. शांता ह्यांनी ते नावारूपास आणले, आणि आज देशातील अग्रगण्य कर्करोग संस्थांत त्याची गणना होते. ज्या संस्थेने १९२६ साली एका डॉक्टर स्त्रीला विधिमंडळात पाठविले, तिच्याच नावाने अठ्ठावीस वर्षांनी हे रुग्णालय उभे राहिले.

१९५६ साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. २२ जुलै १९६८ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. तामिळनाडू सरकारने गरीब गरोदर स्त्रियांच्या साहाय्याची योजना त्यांच्या नावे चालविली. बालमातांच्या मरणाने व्यथित होऊन सार्वजनिक जीवनात आलेल्या ह्या डॉक्टरचे ह्याहून उचित स्मारक कोणते असणार ?

ह्या चरित्रातून आपल्यासारख्या संस्थांनी काय घ्यावे ? पहिले, प्रश्न नेमका मांडावा. समाजाची उन्नती व्हावी ह्या मोघम ठरावापेक्षा अमुक कायद्याच्या अमुक कलमात अमुक बदल व्हावा, ही मागणी शतपट मोलाची. दुसरे, आपल्या भागाच्या आमदाराकडे केवळ निवडणुकीच्या दिवसांत किंवा सत्काराच्या हारांसह जाऊ नये. त्याच्या हाती खरी माहिती, खरी उदाहरणे आणि तयार मसुदा द्यावा. प्रश्न, ठराव आणि विधेयक ही त्याची तीन साधने आहेत, त्यांपैकी कोणते कोठे लागू पडते हे आपणही शिकावे. तिसरे, विरोधकाचे म्हणणे कान देऊन ऐकावे. त्यात सत्याचा अंश असला तर मसुद्यात त्यास जागा द्यावी, नाहीतर तोच अंश पुढे न्यायाची उणीव म्हणून उभा राहतो. चौथे, सभागृहाबाहेरचे आपले काम सोडू नये. वसतिगृह, शिष्यवृत्ती, निराधारांचा आसरा, ही कामे चालू असतील तरच आपल्या शब्दाला वजन येते. आणि शेवटचे म्हणजे चिकाटी. पदाधिकारी बदलले तरी मागणीची वही एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती सुरक्षित गेली पाहिजे.

देवदासी मातेच्या पोटी जन्मलेली, पडद्याआड बसून कॉलेज शिकलेली एक मुलगी विधिमंडळाच्या उपाध्यक्षपदी बसली, आणि तेथे बसल्यावर आपल्या आजोळच्या मुलींस विसरली नाही. आपल्या ज्ञातीतील जे तरुण-तरुणी उद्या मोठ्या पदांवर जातील, त्यांनी हे चरित्र मनाशी बाळगावे. आणि जे पदांवर जाणार नाहीत, त्यांनी जाणाऱ्यांच्या पाठीशी संस्थेच्या रूपाने सतत उभे राहावे, एवढीच ह्या लेखामागील इच्छा.